अँटिऑक्सिडंट जनुकोपचार : किरणांपुढे निरोगी पेशी आणि कर्कपेशी

कर्करोगावरच्या किरणोपचारात मात्रेवर मर्यादा पडते ती गाठीपेक्षा गाठीशेजारच्या निरोगी अवयवांमुळे. मात्रा हवी तेवढी वाढवता आली असती, तर किरणांना दाद न देणाऱ्या गाठी फारच थोड्या उरल्या असत्या. पण छातीतल्या गाठीकडे निघालेले किरण वाटेत निरोगी फुफ्फुस, अन्ननलिका, हृदय आणि मज्जारज्जू यांतूनही जातात, आणि या प्रत्येकाची सोसण्याची हद्द वेगळी आहे. जर्मन क्ष-किरणतज्ज्ञ हर्मान होल्थुसेन यांनी १९३६ साली ही अडचण दोन वक्रांत मांडली. मात्रा वाढेल तशी गाठ नष्ट होण्याची शक्यता कशी वाढते, ते एक वक्र दाखवतो. निरोगी ऊतीला इजा होण्याची शक्यता कशी वाढते, ते दुसरा. दुसरा वक्र पहिल्याच्या थोडा उजवीकडे असतो, आणि दोन्हींमधली फट हीच उपचाराला मिळणारी जागा. किरणोपचाराचा पुढचा इतिहास बराचसा ही फट रुंदावण्याच्या खटपटीचा आहे. एकूण मात्रा रोज थोडी थोडी विभागून देणे, गाठीच्या आकाराबरहुकूम किरणांची तीव्रता बदलत राहणे, क्ष-किरणांऐवजी प्रोटॉन वापरणे हे सगळे उपाय भौतिकशास्त्राच्या किंवा वेळापत्रकाच्या अंगाने जातात.

अँटिऑक्सिडंट जनुकोपचार हीच फट जीवरसायनाच्या बाजूने रुंदावू पाहतो. किरण पडण्याआधी निरोगी ऊतीतल्या पेशींना एक जादा जनुक द्यायचे, त्या जनुकावरून पेशींनी काही दिवस एक संरक्षक विकर, म्हणजे एन्झाइम, नेहमीपेक्षा अधिक प्रमाणात तयार करायचे आणि उपचार संपला की ते जनुक विरून जायचे, अशी ही योजना. तिच्यावरचा पहिला आक्षेप कोणालाही सुचेल असा आहे: हे कवच गाठीलाही मिळाले तर? गेल्या तीस वर्षांतल्या संशोधनाचा मोठा भाग याच प्रश्नाभोवती फिरतो. हाती आलेले उत्तर अनपेक्षित आहे. तेच विकर निरोगी पेशीला वाचवते आणि काही कर्कपेशींना किरणांपुढे अधिक दुबळे करते. असे का होते हे समजण्यासाठी आधी किरण पेशीत नेमके काय करतात ते पाहावे लागते.

किरणांची मात्रा ग्रे या एककात मोजतात. एक ग्रे म्हणजे एक किलो ऊतीत शोषला गेलेला एक ज्यूल. संपूर्ण शरीरावर एकदम ४ ग्रे पडले आणि उपचार मिळाले नाहीत, तर साधारण निम्मी माणसे दगावतात. सत्तर किलोच्या माणसाच्या बाबतीत ही ऊर्जा २८० ज्यूल, म्हणजे अवघ्या ६७ कॅलरी भरते. गरम चहाच्या एका लहानशा घोटातून शरीराला एवढी उष्णता सहज मिळते. तेव्हा घात होतो तो ऊर्जेच्या आकड्याने नव्हे, ती सूक्ष्म ठिकाणी एकवटून पडते म्हणून. पेशीचे सुमारे ७० टक्के वजन पाण्याचे असल्याने किरणांचा पहिला आघात बहुधा पाण्याच्या रेणूवर होतो. रेणू फुटून हायड्रॉक्सिल मूलके तयार होतात. या मूलकाचे आयुष्य सेकंदाच्या अब्जाव्या भागाइतके, आणि तेवढ्यात ते जेमतेम काही नॅनोमीटर सरकते. पण जवळ डीएनए असला तर तेवढे पुरते. क्ष-किरण आणि गॅमा किरणांमुळे डीएनएला होणाऱ्या इजेपैकी सुमारे दोन तृतीयांश इजा या आडवाटेने होते. एका ग्रेमागे पेशीच्या डीएनएत एकपदरी तुटी हजाराच्या आसपास आणि दुपदरी तुटी चाळीसच्या आसपास होतात. एकपदरी तुटी पेशी सहज सांधते. न सांधलेली किंवा चुकीची सांधली गेलेली दुपदरी तूट मात्र तिच्या जिवावर बेतते.

या सगळ्यात ऑक्सिजनची भूमिका मोठी आहे. डीएनएवर झालेला घाव ऑक्सिजनशी संयोग पावला की पक्का होतो, मग तो सहजी भरून येत नाही. ऑक्सिजन भरपूर असलेली पेशी मारायला जेवढी मात्रा लागते, तिच्या अडीच ते तीन पट मात्रा ऑक्सिजनविना असलेल्या पेशीला लागते. ज्यांच्या नावावरून एककाला ग्रे हे नाव मिळाले त्या लुई हॅरल्ड ग्रे यांनी आर. एच. थॉमलिन्सन यांच्यासह १९५५ साली फुफ्फुसाच्या गाठींच्या चकत्या तपासून दाखवले, की रक्तवाहिनीपासून ठरावीक अंतरापलीकडच्या पेशी गुदमरून मरतात. मेलेल्या आणि जिवंत भागांच्या सीमेवर ऑक्सिजनला मुकलेल्या, पण तग धरून असलेल्या पेशी असतात, आणि किरणांना त्याच सर्वात चिवटपणे तोंड देतात.

ऑक्सिजनचे विषारीपण आणि किरणांची इजा यांचे मूळ एकच असावे, हे रेबेका गेर्शमन या अर्जेंटिनाच्या शास्त्रज्ञेने रोचेस्टर विद्यापीठातल्या सहकाऱ्यांसह १९५४ साली मांडले. दोन्ही ठिकाणी मुक्त मूलकेच नासधूस करतात, हे त्यांचे म्हणणे. त्या काळी मुक्त मूलके सजीवांच्या शरीरात टिकून काही करत असतील हे बहुतेकांना पटत नव्हते, म्हणून या विचाराकडे बरीच वर्षे फारसे कोणी वळले नाही. प्रयोगाच्या अंगाने मात्र काम चालूच होते. अमेरिकेत हार्वी पॅट यांनी १९४९ साली गंधकयुक्त सिस्टीन आधी टोचून उंदरांना मारक किरणमात्रेतून वाचवले होते. अणुयुद्धाच्या धास्तीने अमेरिकी सैन्याच्या वॉल्टर रीड संस्थेने पुढे अशी हजारो संयुगे तपासली, आणि त्यांतून आलेले ॲमिफोस्टिन हे औषध लाळग्रंथी कोरड्या पडू नयेत म्हणून वापरायला १९९९ साली अमेरिकेत परवानगी मिळाली. ते दर वेळी किरणांच्या थोडेच आधी शिरेतून द्यावे लागते, त्याने उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. सहा-सात आठवडे रोज शेक घेणाऱ्या रुग्णाला हा ताप नको होतो, हे समजण्यासारखे आहे.

शरीर स्वतः मुक्त मूलकांचा बंदोबस्त कसा करते, याचा उलगडा १९६९ साली झाला. ड्यूक विद्यापीठात अर्विन फ्रिडोविच आणि त्यांचे विद्यार्थी जो मॅककॉर्ड यांना गायीच्या रक्तपेशींतल्या एका प्रथिनाचे काम उमगले. हे तांबेयुक्त प्रथिन केंब्रिजमध्ये १९३८ सालीच वेगळे काढलेले होते. तीस वर्षे ते निरुद्योगी समजले गेले. प्रत्यक्षात ते सुपरऑक्साइड या मूलकाच्या जोड्या जुळवून त्यांचे ऑक्सिजन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांत रूपांतर करते, आणि तेही थक्क करणाऱ्या वेगाने. त्याला सुपरऑक्साइड डिसम्युटेज असे नाव मिळाले, संक्षेपाने एसओडी. सस्तन प्राण्यांत त्याचे तीन प्रकार असतात. तांबे आणि जस्त असलेला पहिला मुख्यतः पेशीद्रवात, मँगेनीज असलेला दुसरा फक्त तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, आणि तिसरा पेशीबाहेर. माणसात दुसऱ्या प्रकाराचे जनुक सहाव्या गुणसूत्रावर आहे. त्याची संकेतावली केंद्रकात असते, प्रथिन पेशीद्रवात बनते, आणि त्याच्या टोकाला जोडलेला एक छोटा तुकडा त्याला तंतुकणिकेत पोहोचवतो. आत शिरताच तो तुकडा कापला जातो.

तिन्हींत अत्यावश्यक कोणता, हे उंदरांनी सांगितले. पहिल्या प्रकाराचे जनुक काढून टाकलेली पिले वाढतात, काही व्याधी घेऊन का होईना जगतात. मँगेनीजवाल्या प्रकाराचे जनुक काढलेली पिले १९९५ सालच्या प्रयोगात जन्मल्यापासून दहाएक दिवसांतच हृदय निकामी होऊन मेली. पेशीला लागणारी बहुतेक ऊर्जा तंतुकणिका बनवते, आणि त्या कामात गळणारे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला चिकटून सुपरऑक्साइड सतत तयार होत असते. पहारा तिथेच हवा. या विषयातली पुढची जवळजवळ प्रत्येक गोष्ट या एका मुद्द्याशी येऊन भिडते.

जनुकाकडे वळण्याआधी तयार विकरच टोचून पाहण्यात आले. कॅनडात एब्रम पेटकाऊ यांनी १९७०च्या दशकात उंदरांना गायीचे एसओडी देऊन किरणांपासून काही प्रमाणात संरक्षण मिळवले. स्वीडनमध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर अशाच विकराचा प्रयोग झाला. अडचण विकराच्या आकारमानाची. एवढे मोठे प्रथिन पेशीच्या आत शिरत नाही, तंतुकणिकेत तर नाहीच, आणि रक्तातूनही ते मिनिटांच्या हिशेबात बाहेर टाकले जाते. विकर पेशीत घालता येत नसेल, तर ते पेशीकडूनच बनवून घ्यावे, हा विचार इथून पुढे आला.

दरम्यान कर्करोगाच्या बाजूने एक वेगळाच धागा तयार होत होता. आयोवा विद्यापीठातले लॅरी ओबर्ली आणि गॅरी ब्यूटनर यांनी १९७९ साली अनेक निरीक्षणे एकत्र करून दाखवले, की कर्कपेशींत मँगेनीज एसओडी बहुधा कमी असते. १९९३ साली मानवी मेलॅनोमाच्या पेशींत हे जनुक बाहेरून घातल्यावर त्यांचा कर्करोगी स्वभाव मावळला. त्यामुळे हे विकर गाठ रोखणारे असावे असे वाटू लागले, पण पुढचे निष्कर्ष सरळ रेषेत आले नाहीत. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने मेलॅनोमाच्याच एका पेशीवंशात दाखवले, की हे विकर वाढल्यावर पेशी किरणांपुढे अधिक तग धरतात. १९९५ साली मुनेयासू उरानो आणि डॅरेट सेंट क्लेअर यांच्या गटाला उंदराच्या फायब्रोसार्कोमात याच्या नेमके उलटे आढळले: जनुक घातलेली गाठ बरी करायला कमी मात्रा पुरली. शिवाय बऱ्याच पुढारलेल्या, पसरलेल्या गाठींत हे विकर कमी नव्हे, जास्तच सापडते. तेव्हा ‘कर्कपेशीत एसओडी वाढवले की ती दुबळी होते’ हे विधान नियम म्हणून कोणी सांगत असेल, तर ते सावधपणे ऐकलेले बरे.

जनुकोपचार म्हणून हा विषय उभा राहिला तो पिट्सबर्ग विद्यापीठात. जोएल ग्रीनबर्गर आणि मायकेल एपर्ली यांनी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात मानवी मँगेनीज एसओडीचे जनुक उंदरांच्या श्वासनलिकेत सोडले आणि नंतर फुफ्फुसांवर किरण सोडले. फुफ्फुसावरच्या मोठ्या मात्रेचा परिणाम दोन टप्प्यांत दिसतो. आधी काही आठवड्यांत सूज येते. मग काही काळ सारे शांत वाटते, आणि काही महिन्यांनी फायब्रोसिस सुरू होते: हवेच्या पिशव्यांच्या जागी कठीण तंतुमय ऊती भरू लागते. जनुक मिळालेल्या उंदरांत हे दुसरे, उशिराचे संकट बरेच कमी झाले. पुढे अन्ननलिका, तोंडातली श्लेष्मल त्वचा आणि शिरेतून दिल्यास संपूर्ण शरीर, अशा क्रमाने प्रयोग विस्तारले. अन्ननलिकेचा प्रयोग साधा आहे. उंदराला जनुकाचे मिश्रण गिळायला द्यायचे, एक दिवस थांबायचे, मग किरण द्यायचे. एरवी अन्ननलिकेचे अस्तर सोलवटून, खाणेपिणे बंद होऊन बरेच उंदीर मरतात. जनुक गिळलेल्यांत वाचणाऱ्यांचे प्रमाण वाढले.

याच गटाचा २००३ सालचा एक प्रयोग या साऱ्या कामाचा कणा म्हणावा असा आहे. रक्त घडवणाऱ्या उंदराच्या पेशींत त्यांनी विकरांच्या चार आवृत्त्या घातल्या. मँगेनीज एसओडी नेहमीच्या रूपात. तेच, पण तंतुकणिकेत नेणारा तुकडा काढून. तांबे-जस्ताचे एसओडी नेहमीच्या रूपात. आणि तेच, पण तो तुकडा जोडून. तुकडा काढलेले मँगेनीज एसओडी पेशीद्रवात अडकले आणि किरणांपासून पेशीला वाचवू शकले नाही. तुकडा जोडलेले तांबे-जस्ताचे एसओडी तंतुकणिकेत पोहोचले आणि त्याने पेशी वाचवली. धातू कोणता याला महत्त्व नव्हते; विकर कुठे आहे याला होते. बाजारात ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द ज्या ढोबळपणे वापरला जातो, त्याला हा प्रयोग चांगला उतारा आहे.

इथे एक शंका राहते. हायड्रॉक्सिल मूलके अब्जांश सेकंदात काम उरकून नाहीशी होतात, आणि एसओडी तर हायड्रॉक्सिलला शिवतही नाही. मग वाचवले काय? उत्तर असे, की किरणांची इजा एका क्षणात संपत नाही. डीएनएच्या तुटीची खबर प्रथिनांच्या साखळीतून तंतुकणिकेपर्यंत जाते. तिथली इलेक्ट्रॉनांची वाहतूक बिघडते आणि सुपरऑक्साइडची दुसरी लाट येते, जी तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस टिकते. सुपरऑक्साइड नायट्रिक ऑक्साइडला भेटले की पेरॉक्सिनायट्राइट हे जहाल संयुग बनते. तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यातले कार्डिओलिपिन हे मेदद्रव्य ऑक्सिडित होते, त्याला धरून बसलेले सायटोक्रोम सी सुटून बाहेर पडते, आणि पेशी स्वतःचा अंत घडवून आणणाऱ्या मार्गाला लागते. ऊतीच्या पातळीवर याच काळात सूज वाढवणारी आणि फायब्रोसिसकडे नेणारी संदेशद्रव्ये, विशेषतः टीजीएफ-बीटा, स्रवू लागतात. जादा एसओडी या दुसऱ्या लाटेला अडवते. पहिला घाव जिथे झाला तिथे झालाच. म्हणूनच विकर आधीपासून जागेवर असावे लागते, आणि जनुक किरणांच्या साधारण २४ तास आधी दिले जाते.

आता मूळ आक्षेपाकडे वळता येते. एसओडी विष संपवत नाही, ते एका विषाचे दुसरे करते. सुपरऑक्साइड जाते, हायड्रोजन पेरॉक्साइड येते; पुढची विल्हेवाट कॅटलेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज आणि पेरॉक्सिरेडॉक्सिन यांनी लावायची असते. निरोगी पेशीत हे दुसरे पथक सहसा सज्ज असते. बऱ्याच कर्कपेशींत ते अपुरे असते; मुळात त्यांच्या विस्कटलेल्या चयापचयामुळे पेरॉक्साइडचा भार आधीच जास्त, आणि तो निस्तरण्याची ताकद कमी. आयोवातल्या मोजमापांत अनेक प्रकारच्या पेशी शेजारी ठेवून पाहिल्यावर निरोगी पेशी हायड्रोजन पेरॉक्साइड सरासरीने अधिक वेगाने संपवतात असे दिसले. अशा कर्कपेशीत एसओडी वाढले आणि वरून किरण पडले, तर पेरॉक्साइड साठते. पेशीत मोकळे लोह असेल तर त्याच्याशी संयोग होऊन पुन्हा हायड्रॉक्सिल मूलक निघते, आणि पेशी मरते. तेच विकर, शेवट वेगळा.

हे स्पष्टीकरण सुबक आहे, आणि म्हणूनच त्यावरची टीका नोंदवायला हवी. सुपरऑक्साइड विकराशिवायही, कितीतरी सावकाश का होईना, आपोआप हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बदलतेच. दोन सुपरऑक्साइडमागे एक पेरॉक्साइड, हा हिशेब दोन्हीकडे सारखा. मग एसओडी वाढल्याने पेरॉक्साइड का वाढावे? यावर प्रतिपक्ष सांगतो, की पेशीत सुपरऑक्साइडला इतर वाटाही असतात. लोह-गंधकाच्या प्रथिनांवर किंवा नायट्रिक ऑक्साइडवर खर्ची पडणारा भाग एसओडीमुळे पेरॉक्साइडकडे वळतो. वाद अजून पुरता मिटलेला नाही. शिवाय पिट्सबर्गच्या प्रयोगांत गाठ वाचली नाही, यामागे रसायनाइतकाच शरीररचनेचाही वाटा असावा. गिळलेले मिश्रण अन्ननलिकेच्या अस्तरालाच भिडते. फुफ्फुसात खोल बसलेल्या गाठीपर्यंत ते पोहोचतच नाही. फुफ्फुसात आणि तोंडात गाठी रुजवलेल्या उंदरांत जनुक दिल्यावरही गाठींना संरक्षण मिळाले नाही, ही निरीक्षणे मोलाची आहेत. पण उंदराच्या दोन-तीन पेशीवंशांवरून माणसांतल्या शेकडो तऱ्हांच्या गाठींबद्दल बोलणे धाडसाचे ठरते.

जनुक पोहोचवायचे कशातून, हा व्यवहाराचा प्रश्न. सुरुवातीचे प्रयोग ॲडिनोव्हायरसवर बसवून केले गेले. हा विषाणू पेशीत शिरण्यात पटाईत आहे, पण शरीर त्याला ओळखते आणि जोरदार प्रतिकार करते. दुसऱ्यांदा दिला तर तो निष्प्रभ होतो किंवा त्रास देतो. सप्टेंबर १९९९मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या चाचणीत जेसी गेल्सिंगर या अठरा वर्षांच्या तरुणाचा ॲडिनोव्हायरसच्या मोठ्या मात्रेनंतर मृत्यू झाला, आणि एकूण जनुकोपचाराच्या क्षेत्रावर त्याचे सावट पडले. किरणोपचार सहा-सात आठवडे चालतो, तेव्हा जनुकही वारंवार द्यावे लागणार. त्यामुळे विषाणू सोडून प्लास्मिड, म्हणजे डीएनएची वर्तुळाकार लडी, मेदाच्या सूक्ष्म गोळ्यांत गुंडाळून देण्याची पद्धत रूढ झाली. लायपोसोमची ही पद्धत विषाणूइतकी कार्यक्षम नाही. पण तिच्यातून गेलेले जनुक सहसा गुणसूत्रात घुसत नाही आणि थोड्या दिवसांत संपते. जन्मजात रोगांवरच्या जनुकोपचारात ही उणीव ठरते. इथे ती हवीच आहे. निरोगी पेशीत हे विकर कायमचे वाढून बसावे असे कोणालाच नको.

माणसांवरची चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. फुफ्फुसाच्या तिसऱ्या अवस्थेतल्या कर्करोगाचे दहा रुग्ण, त्यांना पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन ही औषधे, छातीवर किरणोपचार, आणि सोबत आठवड्यातून दोनदा गिळायचे जनुकयुक्त लायपोसोम. मात्रा तीन पायऱ्यांनी ०.३ वरून ३ आणि मग ३० मिलिग्रॅमपर्यंत नेली. मिश्रण सुरक्षित आणि देण्याजोगे ठरले. पहिल्या टप्प्याच्या चाचणीचा हेतू तेवढाच असतो. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे अन्ननलिकेचा दाह खरोखर कमी झाला का, हे दहा जणांवरून सांगता येत नाही. उंदरांत एवढा ठळक दिसलेला फायदा माणसांत सिद्ध करणारी मोठी चाचणी त्यानंतर आली नाही, ही या क्षेत्राची सर्वात मोठी उणीव. लाळग्रंथींच्या बाबतीत अमेरिकेत दुसऱ्या दिशेने जनुकोपचार झाला. किरणांनी कोरड्या पडलेल्या ग्रंथीत पाणी वाहून नेणाऱ्या ॲक्वापोरिन-१ चे जनुक घालण्याची अकरा रुग्णांवरची चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली आणि काहींची लाळ वाढली. पण तो झालेल्या नुकसानीवरचा इलाज आहे, आधीचे संरक्षण नव्हे.

एवढे सगळे कशासाठी, अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या का नकोत, हा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक हमखास विचारतात. त्याचे उत्तर मोठ्या चाचण्यांनी दिले आहे आणि ते गोळ्यांच्या बाजूचे नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. हा निष्कर्ष १९९४चा. क्यूबेकमध्ये डोके आणि मान यांच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांवरच्या चाचणीत एका गटाला किरणोपचारादरम्यान आणि नंतर ई जीवनसत्त्व दिले, सुरुवातीचा काही काळ बीटा-कॅरोटिनही. किरणांचा तात्कालिक त्रास कमी झाला खरा, पण गाठ परत येण्याकडे कल वाढलेला दिसला, आणि उपचाराच्या काळात धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांचे नुकसान सर्वाधिक झाले. गोळी रक्तातून सगळीकडे जाते, गाठीतही. तिला ना जागा निवडता येते ना वेळ. कर्कपेशी स्वतःही हीच वाट वापरतात. फुफ्फुसाच्या अनेक गाठींत कीप-१ आणि एनआरएफ-२ या जनुकांत असे बदल झालेले असतात, की पेशीची सगळी अँटिऑक्सिडंट यंत्रणा कायम चालू राहते. अशा गाठी किरणांना जुमानत नाहीत. एकटे एसओडी वाढणे आणि एसओडीबरोबर पेरॉक्साइड निस्तरणारी सगळी साखळी वाढणे यांत जो फरक आहे, तो इथे लख्ख दिसतो.

जनुकाची वाट अडखळली तरी कल्पना थांबली नाही. ती छोट्या रेणूंकडे वळली. पिट्सबर्गमध्येच तंतुकणिकेत शिरणारे नायट्रॉक्साइड संयुग तयार झाले. दुसरीकडे मँगेनीजभोवती रचलेला, एसओडीचेच काम करणारा ॲव्हासोपासेम हा रेणू थेट रुग्णांपर्यंत पोहोचला, आणि त्याचे लक्ष्य होते तोंड येणे. डोके आणि मान यांच्या कर्करोगात ६६ ते ७० ग्रेच्या उपचारात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंडाचे अस्तर सोलवटू लागते, गिळणे बंद होते, काहींना नाकातून नळी घालावी लागते, आणि मध्येच उपचार थांबला तर गाठ परतण्याचा धोका वाढतो. तंबाखू आणि गुटख्यामुळे तोंडाचा कर्करोग भारतात पुरुषांच्या कर्करोगांत अग्रस्थानी असल्याने, मुंबईच्या टाटा रुग्णालयापासून जिल्ह्याच्या ठिकाणच्या केंद्रांपर्यंत हा त्रास नित्याचा आहे. ॲव्हासोपासेमच्या २२३ रुग्णांवरच्या चाचणीत तीव्र प्रकारचे तोंड येणे मध्यक मूल्याने १९ दिवसांवरून दीड दिवसावर आले. हे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. पुढच्या ४५५ रुग्णांच्या चाचणीत फरक राहिला, पण आक्रसला. तीव्र त्रास होणाऱ्यांचे प्रमाण ६४ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर आले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला हा पुरावा अपुरा वाटला आणि ऑगस्ट २०२३मध्ये परवानगी नाकारली गेली.

गाठीच्या बाजूचा धागाही याच रेणूने पुढे नेला. उंदरांतल्या प्रयोगांत २०२१ साली असे दिसले, की रोजच्या २ ग्रेऐवजी थोड्या बैठकांत मोठमोठी मात्रा दिली, तर ॲव्हासोपासेम गाठ मारण्यात किरणांना मदत करते, आणि कर्कपेशींत कॅटलेज वाढवले की ही मदत नाहीशी होते. पेरॉक्साइडच्या स्पष्टीकरणाला मिळालेला हा आजवरचा सर्वात थेट आधार. मोठ्या मात्रेचे महत्त्वही समजण्याजोगे आहे. लहान मात्रेतून निघणारे पेरॉक्साइड दुबळ्या कॅटलेजलाही पेलते, मोठ्या मात्रेचा लोंढा पेलत नाही. याच धर्तीवर स्वादुपिंडाच्या कर्करोगात त्याच कुळातल्या दुसऱ्या रेणूची चाचणी सुरू झाली, पण यश मिळण्याची शक्यता कमी असल्याचे मधल्या पाहणीत दिसल्याने ती २०२३ साली थांबवावी लागली. त्या चाचणीत रुग्ण निवडले गेले ते रोगाच्या अवस्थेवरून. उंदरांतला परिणाम मात्र ज्यावर अवलंबून होता, ते गाठीतल्या कॅटलेजचे प्रमाण निवडीच्या निकषांत नव्हते. बायोप्सीच्या तुकड्यात कॅटलेज, मँगेनीज एसओडी आणि कीप-१ व एनआरएफ-२ यांतले बदल तपासणे प्रयोगशाळांना अवघड नाही. जनुक असो वा रेणू, पुढच्या चाचणीत कोणाला घ्यायचे आणि कोणाला वगळायचे हे अशा तपासणीवरून ठरवता येईल, आणि कॅटलेज भरपूर असलेल्या गाठीच्या रुग्णाला हे संरक्षण फक्त तोंडातून किंवा अन्ननलिकेतून, म्हणजे गाठीपासून दूर ठेवूनच द्यावे लागेल.